शाहीर अमर शेख : गिरणीच्या भोंग्याला गाण्याने जवाब देणारा माणूस

२९ ऑगस्ट हा शाहीर अमर शेख यांचा स्मृतिदिन. वर्तमानपत्रात एखाद्या कोपऱ्यात दोन ओळी आल्या तर आल्या, नाहीतर तोही दिवस असाच निघून जातो. मी वर्गात मुलांना विचारतो तेव्हा अण्णाभाऊ साठे बहुतेकांना माहीत असतात. अमर शेख म्हटलं की मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. उर्दू माध्यमातली मुलं तर विचारतात, सर, हे शायर होते का? शायर आणि शाहीर हे एकाच घरातले शब्द आहेत, हे त्यांना सांगावं लागतं. अरबीतला शायर मराठी मातीत आला, त्याच्या हातात डफ आला आणि तो शाहीर झाला.

अमर शेख यांचं खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. घर गरीब. आई मुनेरबी. जात्यावर दळताना बाया ओव्या म्हणतात, तशी लोकगीतं या माउलीच्या तोंडी असायची. मेहबूबने गाणं शिकलं ते इथेच, आईच्या मांडीशी बसून. उस्ताद नाही, हार्मोनियम नाही, मक्तब-मदरशातला तराणाही नाही. एका मुसलमान बाईच्या तोंडचं मराठी लोकगीत, ही या शाहिराची पहिली तालीम. आपल्या घरात आजही आजी-नानीच्या तोंडी अशी गाणी असतात. हळदीच्या वेळी, पाळण्याशी, उर्दू-मराठीची मिसळ करून म्हटलेली. त्यांना आपण कधी साहित्य म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

ज्या काळात हा मुलगा मोठा होत होता, त्या काळात सोलापूर जिल्हा पेटलेला होता. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात ब्रिटिशांनी मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. यातले कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करायचे, 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. तेव्हा मेहबूब चौदा वर्षांचा होता. सोलापूर-बार्शीच्या कामगार वस्तीत ही बातमी कशी पोचली असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. स्वातंत्र्याच्या लढ्यात तोही पोरवयातच ओढला गेला.

पोटासाठी त्याने मिळेल ते काम केलं. बसवर क्लीनर म्हणून राबला. मग बार्शीच्या कापड गिरणीत लागला.

गिरणीतलं काम म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. पहाटे भोंगा वाजला की माणसं धावत सुटायची. फाटक बंद झालं की त्या दिवसाची मजुरी गेली. कायम नोकरी नसलेला तो बदली कामगार. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर घरी. आत घ्यायचं की नाही हे जॉबरच्या हातात, म्हणून जॉबरची मर्जी राखायची. साचेखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत, आणि त्या दमट हवेत कापसाचे तंतू उडत. खोकला हा गिरणी कामगाराच्या घरचा कायमचा पाहुणा असे. आणि भेद तिथेही होता. धोट्यातल्या बॉबीनचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे, म्हणून मुंबईच्या गिरण्यांमध्ये दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत. ते जास्त मजुरीचं खातं होतं. तिथे मराठा कामगार असत आणि मदनपुऱ्याकडचे आपले मोमीन विणकर असत. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. साचेखात्याच्या फायद्याच्या बाजूला कोण उभे होते, त्यात आपलेही लोक होते, हे वाचून पुढे जाऊ नये.

बार्शीच्या गिरणीत संप झाला आणि मेहबूब त्याच्या पुढे होता. बक्षीस म्हणून विसापूरचा तुरुंग मिळाला. तिथे कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी गाठ पडली आणि मेहबूब कम्युनिस्ट होऊन बाहेर आला. त्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं असंच झालं. सरकार ज्यांना सुधारायला आत टाकत होतं, ते आतून पक्के होऊन येत होते.

मग कोल्हापूर. मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत काम मिळालं. इथेच मित्रांनी त्याला अमर हे नाव दिलं आणि मेहबूब हुसेन पटेलचा अमर शेख झाला. या नावाकडे जरा थांबून बघा. निम्मं संस्कृत, निम्मं अरबी. आज असं नाव कोणी घेतलं तर दोन्हीकडून प्रश्न येतील.

कोल्हापूरहून मुंबई. १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं राहिलं. तीन माणसं त्याचा कणा होती. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. अण्णाभाऊ मातंग समाजातले, शाळा जवळजवळ न पाहिलेले. अमर शेख बार्शीचा मुसलमान गिरणी कामगार. ज्या गिरण्यांमध्ये कोणी कोणाचा धोटा तोंडाला लावायचा यावरून भांडण होतं, त्याच गिरण्यांच्या फाटकाबाहेर हे तिघे एका फळीवर उभे राहून एकाच माइकसमोर गात होते. अण्णाभाऊ लिहायचे, अमर शेख गायचे. स्वतः लिहायचेही, पण त्यांची खरी दौलत होती आवाज. पहाडी, खुला, मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत जाणारा. मुंबईच्या विरहाची अण्णाभाऊंची छक्कड महाराष्ट्रभर गेली त्यात या आवाजाचा मोठा वाटा होता.

१९५१च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणजे शंभरातली ब्याऐंशी माणसं वर्तमानपत्र वाचू शकत नव्हती. विधिमंडळात काय चाललंय, कोणता कायदा आला, त्याने आपल्या मजुरीचं काय होणार, हे त्यांना सांगणार कोण? नवा देश, नवी घटना, पहिली निवडणूक, हे सगळं अग्रलेखांमधून चाललेलं. चाळीतल्या माणसाचा अग्रलेख म्हणजे शाहिराचा पोवाडा. कामाची पाळी सुटल्यावर दोन-तीन तास तो बसून ऐकायचा, हसायचा, चिडायचा आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत त्यावर वाद घालायचा. आपण ज्याला सार्वजनिक चर्चा म्हणतो ती परळ-लालबागच्या मैदानात अशी चालत होती. म्हणूनच सरकारला या मंडळींची धास्ती वाटायची.

स्वातंत्र्य आलं तेव्हा कामगारांसाठी कायद्यांची रांग लागली, हे खरं आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७चा. फॅक्टरी कायदा, किमान वेतन कायदा आणि राज्य विमा कायदा, तिन्ही १९४८चे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली, आजारपणात उपचाराची सोय आली. ही छोटी गोष्ट नव्हती. पण दुसरी बाजूही होती. मुंबई राज्याने १९४६मध्ये केलेल्या औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन मान्य झाली. बोलणी करायची तर तिनेच. १९४७मध्ये काँग्रेसच्या विचाराची इंटक स्थापन झाली आणि मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये तिच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला ही मान्यता मिळाली. १९२८पासून लढणारी लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन बाहेर राहिली. डिसेंबर १९४७मध्ये दिल्लीच्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार प्रतिनिधींनी तीन वर्षं औद्योगिक शांतता ठेवायची असं ठरवलं. देश नवा आहे, उत्पादन वाढू द्या, संप करू नका. यात तथ्य नव्हतं असं नाही. फाळणीने कंबरडं मोडलं होतं, कापड आणि धान्य दोन्हींची टंचाई होती. पण गिरणीत राबणारा विचारत होता की सबुरी फक्त माझ्याकडूनच का?

या वादात अमर शेख कोणत्या बाजूला होते हे सांगायला नको. १९४८मध्ये कम्युनिस्ट पक्षाने टोकाची भूमिका घेतली, आलेलं स्वातंत्र्य खरं नाही असं म्हटलं. सरकारने धरपकड केली. कलापथकाच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकारची बंदी आली. माझं मत विचाराल तर पक्षाची ती भूमिका चुकीची होती, आणि दोन-तीन वर्षांत पक्षानेही ती सोडली. पण गाण्यावर बंदी घालणं त्याहून चुकीचं होतं. कामगाराची तक्रार गाण्यातून बाहेर पडत होती, तिला तोंड बंद करून काय मिळालं? ऑगस्ट १९५०मध्ये मुंबईच्या सुमारे दोन लाख गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला आणि तो ६३ दिवस चालला. नेतृत्व समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेचं होतं, मान्यताप्राप्त युनियनचं नव्हतं. कायद्याने ज्याला प्रतिनिधी म्हटलं त्याच्यामागे कामगार नव्हता, हे त्या दोन महिन्यांत सगळ्यांना दिसलं.

याच काळात त्यांची पुस्तकं येऊ लागली. १९५१मध्ये 'अमरगीत' आणि 'पहिला बळी' हे नाटक, पुढे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे कवितासंग्रह. छत्रपती शिवाजी महाराजांवर त्यांनी पोवाडा रचला. 'युगदीप' आणि 'वक्तृत्व' ही मासिकं चालवली. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटात आणि नंतर 'प्रपंच'मध्ये ते पडद्यावरही दिसले. अत्रे त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्कीशी करायचे. अत्रे कोणाची स्तुती करताना हात आखडता घेत नसत हे खरं, पण ज्याच्यावर नाराज असत त्याला सोडतही नसत.

आता येतो तो भाग, ज्यामुळे अमर शेख हे नाव मराठी घराघरात पोचलं. डिसेंबर १९५३मध्ये केंद्राने राज्य पुनर्रचना आयोग नेमला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती फाजल अली. आयोगाचा अहवाल १९५५मध्ये आला. त्यात मराठी भाषकांचं एक राज्य नव्हतं. मुंबईसह गुजराती-मराठी मिळून एक द्विभाषिक राज्य आणि विदर्भाचं वेगळं राज्य, अशी शिफारस होती. मुंबई कोणाची, हा प्रश्न उभा राहिला. एक बाजू म्हणत होती की मुंबई भांडवलाने उभी राहिली, गिरण्यांचे मालक, व्यापारी, पेढीवाले बहुतांश मराठी नाहीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं की साचा ज्याने चालवला, गोदीत ज्याने पोती उचलली, त्याचा हक्क काही आहे की नाही? भाषेचा वाद बघता बघता मजुरीचा वाद झाला. गिरणगाव यात का उतरलं हे इथे समजतं. आणि अमर शेख यांच्यासारखा गिरणीतून आलेला शाहीर त्याचा आवाज का झाला, हेही.

२१ नोव्हेंबर १९५५. मुंबईत संप होता. कामगारांचे मोर्चे फोर्टकडे निघाले आणि फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. १५ माणसं गेली. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या सुटल्या. सगळ्या आंदोलनाचे मिळून १०६ हुतात्मे सांगितले जातात. फेब्रुवारीत पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. डांगे, एस. एम. जोशी, अत्रे, प्रबोधनकार ठाकरे, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे लोक एका मंचावर आले. नेत्यांची भाषणं सुरू होण्याआधी मैदान भरायचं काम शाहिरांचं. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील गावोगाव फिरले. लोक आधी गाणं ऐकायला यायचे आणि मग भाषणाला थांबायचे. पुढाऱ्यांना हे माहीत होतं.

आता आपल्या खाप्याचं बघा. ३१ ऑक्टोबर १९५६पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती. दुसऱ्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि नागपूरची राजधानी गेली. फाजल अली आयोगाने आपल्याला वेगळा विदर्भ दिला होता, तो कागदावर राहिला. लोकनायक अणे यांच्यासारखी माणसं वेगळ्या विदर्भासाठी उभी होती. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला झोपवलं, विदर्भात मात्र काँग्रेस टिकून राहिली. तेव्हा अमर शेख यांची गाणी आपल्याकडे त्या जोशात वाजली नाहीत, हे मान्य करू. विषय निघाला की खाप्यात आजही चहा थंड होतो आणि वाद गरम राहतो. मला गंमत एवढीच वाटते की एकसंध महाराष्ट्राचा सगळ्यात बुलंद आवाज एका शेखचा आणि वेगळ्या विदर्भाची शिफारस करणारी सही एका अलींची. तेव्हा कोणी यातून धर्म काढला नाही. वाद राज्याचा होता, तो राज्याचाच राहिला.

पण गिरणीचा प्रश्न आपल्याला परका नव्हता. खापा हे कन्हानच्या काठावरचं जुनं विणकरांचं गाव, इथली नगरपालिका १८६७ची. सुती कापडाचं हातमागावरचं विणकाम हा गावाचा मुख्य धंदा. १८७७मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या स्वस्त कापडासमोर आपला माग हळूहळू दमला. कोष्टी काय आणि कामठीचे आपले अन्सारी काय, मार एकच बसला. ज्याचा माग थांबला त्याच्यापुढे वाटा थोड्या होत्या. कोणी नागपूरच्या गिरणीत, कोणी बिडीच्या कारखान्यात, कोणी गुमगावच्या मँगनीज खाणीत. अमर शेख बार्शीच्या साच्यावरून जे गात होते, ते ऐकायला खाप्याच्या माणसाला भाषांतर लागलं नसतं.

१ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झालं. तारीख कामगार दिनाची. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ पुढे स्मारक झालं. मशाल धरलेले दोघे आहेत, एक शेतकरी, एक कामगार. चौकाला नाव पडलं हुतात्मा चौक. राज्य मिळालं, पण गिरणी कामगाराला वाटलं होतं तसं सगळं झालं का? औद्योगिक संबंधांचा तोच जुना कायदा पुढेही चालू राहिला, एका युनियनची सक्तीही राहिली. १९८२च्या मोठ्या संपाच्या मुळाशी मजुरीबरोबर हाही राग होता. तो पाहायला अमर शेख नव्हते.

राज्य मिळवून घरी बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. गोवा मुक्तीच्या लढ्यातही ते होते. १९६२मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा कम्युनिस्ट पक्षात फूट पडण्याइतका गोंधळ झाला. अमर शेख डफ घेऊन जवानांसाठी निधी गोळा करायला निघाले. १९६५च्या पाकिस्तान युद्धातही तेच. मला हा भाग लिहिताना थोडं अवघड वाटतं. मुसलमान माणसाचं चरित्र सांगताना त्याच्या देशप्रेमाचा दाखला जोडायचाच, अशी सवय आपल्याला लागली आहे. अण्णाभाऊंबद्दल लिहिताना कोणी असा दाखला जोडत नाही. अमर शेख यांनी गायलं ते दाखला म्हणून नाही. १९४४मध्ये गिरणीच्या फाटकावर गात होते तसंच गायलं.

ते मजहबी माणूस म्हणून ओळखले जात नव्हते, हे लपवण्यात अर्थ नाही. पत्नी ज्योती हिंदू घरातल्या, दोघांचा संसार चळवळीतला. त्यामुळे आपल्याकडच्या बुजुर्गांनी त्यांना थोडं लांबच ठेवलं, आणि मराठी साहित्याच्या मोठ्या दिवाणखान्यातही त्यांना शाहीर म्हणून दाराशीच बसवलं. कवी म्हणून त्यांची चर्चा फार कमी झाली. आपलं म्हणायला तो माणूस आपल्यासारखाच असावा, ही अट आपण घालतो. मला ती पटत नाही. मुनेरबीच्या ओव्या त्यांनी टाकल्या नव्हत्या, शेख हे नावही टाकलं नव्हतं. महाराष्ट्रातल्या मैदानांवर हजारो लोकांसमोर ते याच नावाने उभे राहिले, आणि लोकांनी तिथे त्यांना मराठी माणूस म्हणून ऐकलं. आपल्या मुलांना अधूनमधून विचारलं जातं, तुझी भाषा कोणती, तुला मराठी कशी येते. त्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.

१८ जुलै १९६९ला अण्णाभाऊ साठे गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ गाडीला अपघात झाला आणि अमर शेख गेले. वय ५२. मागे फारशी कमाई नव्हती. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीत आता शाहीर अमर शेख अध्यासन आहे, तिथे तमाशा, लावणी, पोवाडा शिकवला जातो. त्यांची मुलगी मलिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे त्या स्वतः मराठीतल्या नावाजलेल्या कवयित्री झाल्या, आणि वडिलांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, 'सूर एका वादळाचा'. नावापुढे त्या आजही मलिका अमर शेख असंच लावतात.